काडतुसाचा गळा आणि दोन थाऊ

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "तुझ्या एखाद्या छंदावर वीस मिनिटं बोल." मी विषय सांगितला तेव्हा पलीकडे बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग हळूच प्रश्न आला, "बागकाम वगैरे करत नाहीस का रे?" बागकामही करतो, पण टोमॅटो लावताना माझ्या हातून कधी कुणाच्या जिवावर बेतेल अशी चूक झाली नाही. या छंदात झाली. आणि ती ज्यांच्यासमोर कबूल करायला हवी होती ते आपले वर्कशॉपचे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. म्हणून हाच विषय धरून बसलो.

छंद असा : वापरलेली रायफलची काडतुसं पुन्हा भरणं. मी राहतो त्या मिशिगनमध्ये, आणि एकंदर अमेरिकेतच, हा उघड आणि कायदेशीर छंद आहे. लोक गॅरेजमध्ये लाकडी बाकावर हाताच्या लिव्हरची एक प्रेस बसवतात आणि हिवाळाभर बसून काडतुसं भरतात. आपल्याकडे हे परवान्याच्या कायद्यात येतं, तेव्हा घरी जाऊन कुणी प्रयोग करू नये. मी नमुनाही आणलेला नाही. रिकामी पितळी नळी जरी बॅगेत सापडली तरी विमानतळावर काय होतं ते मला माहीत आहे, आणि मला या मेळाव्याला यायचं होतं. म्हणून फळ्यावर चित्र काढतो. माझी चित्रकला चित्रकलेच्या बाईंना माहीत आहेच, त्यांनी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघावं.

हे बघा. सुरई कशी असते? खाली पोट, मग खांदा, मग अरुंद गळा. रायफलचं काडतूस तसंच. बुडाला मधोमध एक छोटी टोपी असते, तिला प्रायमर म्हणतात. पोटात दारू. गळ्यात गोळी अडकवलेली. घोडा पडला की टोपी पेटते, टोपीनं दारू पेटते, गोळी पुढे जाते आणि पितळी नळी रिकामी मागे राहते. या चारांतली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे ती नळी. ती फेकून देण्यापेक्षा पाच-दहा वेळा पुन्हा वापरता येते, आणि नीट केली तर दुकानातल्या काडतुसापेक्षा नेम चांगला लागतो. छंदाचं मूळ एवढंच आहे.

काल जेवताना एकानं विचारलं, "मग आपला स्वप्नील कुसाळे पण असंच भरतो का?" नाही. राधानगरीतल्या कांबळवाडीच्या या पोरानं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, ते .२२ च्या छोट्या काडतुसांवर. त्यात पेट घेणारा मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो, वेगळी टोपी नसते. पिन त्या काठावर आपटून काठ चेपते, त्यामुळे ती नळी एकदाच वापरायची. मी बोलतोय ते मोठ्या, मधोमध टोपी असणाऱ्या काडतुसांबद्दल. माझं म्हणाल तर .३०८ विन्चेस्टर, १९५२ साली बाजारात आलेलं.

आता गळ्याकडे येतो, कारण सगळी गोष्ट गळ्यातच अडकली आहे.

काडतूस उडतं तेव्हा आतला दाब किती? .३०८ साठी ठरलेली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये बत्तीस-तेहतीस असतो. या दाबानं पितळ फुगतं, रायफलच्या आतल्या भिंतीला जाऊन चिकटतं आणि दाब गेला की थोडंसं आक्रसतं. थोडंसंच. त्यामुळे उडालेल्या नळीचा गळा सैल झालेला असतो. नवी गोळी त्यात टाकली तर ती सरळ आत पडायला हवी. पडली नाही तर तीच एक धोक्याची खूण, कारण मग गळ्याला फुगायला जागाच मिळालेली नाही असा अर्थ होतो. पुन्हा भरायच्या आधी हा सैल गळा डायमध्ये घालून आवळावा लागतो. किती आवळायचा? गोळीच्या मापापेक्षा साधारण दोन थाऊ कमी. उद्यमनगरात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना थाऊ सांगायला नको. बाकीच्यांसाठी, इंचाचा हजारावा भाग. एक थाऊ म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा हिस्सा. दोन थाऊ म्हणजे तुमच्या डोक्यावरचा एक केस, ज्यांच्या डोक्यावर आहेत त्यांच्या.

या दोन थाऊंच्या पकडीवर गोळी टिकून असते. पकड कमी झाली तर गोळी हलते. जास्त झाली तर गोळी बसवताना गळा चुरगळतो किंवा गोळीचं तांब्याचं आवरण खरवडून निघतं. आणि एका काडतुसाची पकड दुसऱ्यासारखी नसेल तर गोळ्या लक्ष्यावर वर-खाली लागतात, तुम्ही कितीही श्वास रोखून धरा.

माझ्या शेजारी एक आजोबा राहतात. गाड्यांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर डाय बनवल्या. तिकडे मोठ्यांनाही नावानं हाक मारायची रीत आहे, मीही मारतो. पण इथे मराठीत बोलताना माझ्या तोंडून आजोबाच येतं. हा छंद त्यांनी मला लावला. पंधरा नोव्हेंबरला मिशिगनमध्ये बंदुकीनं हरणाची शिकार सुरू होते. दरवर्षी तीच तारीख, वार कुठलाही असो. त्या दिवशी उत्तरेकडच्या बऱ्याच गावांत शाळेला सुट्टी असते. आपल्याकडे पंचमीला नव्हती का अघोषित सुट्टी, तसंच. आजोबा पन्नासेक वर्षं उत्तरेकडच्या आपल्या लाकडी खोपटात जाऊन हा दिवस साजरा करतात. एक वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. चालणं-बोलणं परत आलं, पण उजव्या हाताला कंप राहिला. दारू तोलायचं काम त्या हातानं होईना. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "डोकं माझं, हात तुझे."

या छंदातला पहिला नियम असा, की दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही. सख्ख्या भावानं भरलेलं असलं तरी. तो नियम त्यांनी माझ्यासाठी वाकवला. दारू त्यांची, माप त्यांनी ठरवलेलं, नळ्या त्यांनी वर्षानुवर्षं कॉफीच्या डब्यात साठवलेल्या. मी फक्त लिव्हर ओढायची.

पण मी पडलो इंजिनीअर. नुसती लिव्हर ओढून माझं भागेना.

त्यांची डाय जुन्या पद्धतीची होती. ती आधी गळा बाहेरून गरजेपेक्षा जास्तच आवळते आणि मग नळी बाहेर ओढताना दांड्यावरची एक स्टीलची गोटी गळ्याच्या आतून ओढली जाते, ती गळा पुन्हा मापाला उघडते. या पद्धतीत एक खोड आहे. गोटी कोरडी असेल तर किंचाळते, अगदी न तेल घातलेल्या बिजागरीसारखी, आणि ओढताना गळ्याला एका बाजूला घेऊन जाते. जोर फार लागला तर खांदाही पुढे खेचला जातो, मग रायफलचा बोल्ट बंद होताना अडतो. तयार काडतूस व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून फिरवलं की गोळी लंगडताना दिसते. दोन-तीन थाऊ लंगडणं ठीक आहे, पण आजोबांची काडतुसं सहा-सहा थाऊ लंगडत होती. यावर साधा उपाय होता : गळ्याच्या आतून ब्रशनं थोडी ग्रॅफाइटची पूड लावायची आणि गोटी पॉलिश करून घ्यायची. दहा मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. मी नवी डाय मागवली, तीही बुशवाली.

बुशवाल्या डायमध्ये आतली गोटी नसते, किंवा काढून टाकता येते. गळा फक्त बाहेरून, एका कडक बुशनं आवळला जातो. एकेका थाऊच्या फरकानं बुश मिळतात. निवडायची रीत सोपी : गोळी बसवलेल्या काडतुसाच्या गळ्याचं बाहेरचं माप घ्यायचं आणि त्यातून दोन थाऊ वजा करायचे. मी डब्यातून तीन नळ्या उचलल्या, गोळ्या बसवल्या, मायक्रोमीटर लावला. तिन्ही ०.३३८ इंच. मी ०.३३६ चं बुश घेतलं. लंगडणं सहावरून दोनवर आलं. मी इतका खूश झालो की बायकोला गॅरेजमध्ये बोलावून डायल दाखवला. ती म्हणाली, "छान," आणि गॅस बंद करायला परत गेली.

काही दिवसांनी पहिली शंका आली. गोळी बसवताना लिव्हरला जो जोर लागतो तो हाताला कळतो. काही नळ्यांत तो जोर जवळजवळ लागतच नव्हता. इथे मी जो तर्क केला तो चुकीचा होता, पण मूर्खपणाचा नव्हता, म्हणून सविस्तर सांगतो.

पितळ वारंवार फुगवलं-आवळलं की कडक होतं. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी हंडा ठोकताना बघितला असेल त्यांना आठवेल, थोडं ठोकून झालं की तांबट भांडं भट्टीत घालून मऊ करून घेतो, नाहीतर ते फाटतं. काडतुसाच्या गळ्याचंही तेच. पाच-सहा वेळा वापरलेलं पितळ डायमधून बाहेर आलं की उसळून परत थोडं मोठं होतं, आवळायला गेलं की ऐकत नाही. मग पकड कमी पडते, आणि पुढे एक दिवस गळ्याला उभी चीर जाते. उपाय म्हणजे गळा आणि खांदा ज्योतीवर काही सेकंद तापवून मऊ करायचा. बुडाकडे उष्णता जाऊ द्यायची नाही, कारण बुड मऊ झालं तर तो ६२,००० चा दाब तुमच्या तोंडाकडे फुटेल. नळी लगेच पाण्यात टाकतात ती केवळ उष्णता खाली उतरू नये म्हणून. विळ्याला पाणी देऊन तो कडक करतात तसं पितळाचं होत नाही, पाण्यानं ते कडक होत नाही.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट आपल्या पावसाची आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजांची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असायची. पाऊस संपून पेट्या उघडल्या की नळ्यांना चिरा गेलेल्या, विशेषतः गोळीभोवती पितळ आवळलेलं असे तिथे. याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं, ऋतूमुळे पडणारी चीर. कारण १९२१ साली इंग्लंडातल्या मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडलं : घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि पितळ ओढून-आवळून घडवताना त्यात कोंडलेला ताण. दोन्ही एकत्र आले की चीर. पितळ तापवून ताण काढला की चिरा थांबल्या. आजही काडतुसवाले अमोनिया असलेलं पॉलिश नळ्यांना लावत नाहीत. मला हे आवडतं, की जगभरच्या पितळाच्या कारखान्यांना आपल्या पावसानं आणि तबेल्यानं हा धडा दिला.

तर माझा तर्क : आजोबांच्या नळ्या जुन्या, गळे कडक झालेत, म्हणून पकड सैल. मी शनिवार-रविवार बसून दोनशेच्या दोनशे नळ्या ज्योतीवर मऊ केल्या. पुन्हा आवळल्या. वरच्या तीन घेतल्या, गोळ्या बसवल्या. घट्ट! रोग सापडला, औषध लागू पडलं. पन्नास काडतुसं भरली आणि त्यातली वीस आजोबांना दिली. चौदा नोव्हेंबरच्या दुपारी ते आपला ट्रक घेऊन उत्तरेला गेले.

त्या रात्री नऊच्या सुमाराला मी बाक आवरत होतो. लांबी जुळवण्यासाठी बनवलेलं एक खोटं काडतूस, म्हणजे ना दारू ना टोपी, नुसती नळी आणि गोळी, तिथं पडलं होतं. ते हातातून निसटलं आणि सिमेंटच्या जमिनीवर टोकावर पडलं. उचललं तर गोळी दिसेना. गोळी पूर्ण आत गेली होती. नळी हलवली की आत खुळखुळ्यासारखी वाजत होती.

उरलेली तीस काडतुसं काढली. गोळीचं टोक बाकाच्या कडेला टेकवून अंगठ्यानं दाबत गेलो. पहिली चार हलली नाहीत. पाचवी सरकन आत गेली. तिसांत अकरा गेल्या.

यात धोका काय? पिस्तुलाच्या इवल्याशा काडतुसात गोळी आत सरकली तर दाब भयंकर वाढतो. रायफलच्या मोठ्या पोटात तितका नाही, हे खरं. पण रायफलचा धक्का बसतो तेव्हा मॅगझिनमधली बाकीची काडतुसं पुढे-मागे आपटतात आणि सैल गोळ्या जागा सोडतात. त्याहून वाईट म्हणजे न उडवलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीच्या सुरुवातीला अडकून राहू शकते आणि फक्त पितळ बाहेर येतं, दारू यंत्रात सांडते. पहाटेच्या अंधारात, गोठलेल्या बोटांनी, कंप असलेल्या हाताचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस हे सगळं बघून ओळखेल का? नळीत काहीतरी अडकलेलं असताना पुढचं काडतूस मागून रेटलं आणि उडवलं तर काय होतं, ते मला इथं बोलायचं नाही.

फोन लागेना. त्यांच्या खोपटाला कधीच रेंज नसते.

मग मी दोन्ही प्रकारची दहा-दहा नळकांडी समोर मांडली, घट्ट एकीकडे, सैल दुसरीकडे. बुडं वर केली. घट्ट सगळ्यांच्या बुडावर एका कंपनीचा शिक्का, सैल सगळ्यांवर दुसऱ्या. गळ्याच्या भिंतीची जाडी मोजली. पहिल्या प्रकारची पंधरा थाऊ, दुसऱ्याची तेरा.

आता फळ्याकडे बघा, गणिताच्या सरांसाठी लिहितो. बुशनं बाहेरून आवळलं की गळ्याचं बाहेरचं माप ०.३३६. जाड गळा : दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा, म्हणजे तीस थाऊ वजा. आतलं माप ०.३०६. गोळी ०.३०८. पकड दोन थाऊ, बरोबर हवी तेवढी. पातळ गळा : सव्वीस थाऊ वजा. आतलं माप ०.३१०. गोळी ०.३०८. पकड नाहीच, उलट दोन थाऊ सैल. काही गोळ्या इतका वेळ जागेवर राहिल्या त्या गळ्याच्या तळाशी किंवा तोंडाच्या कडेला कुठेतरी टेकून, बाकी देवाच्या कृपेनं.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. जुन्या डायची ती किंचाळणारी गोटी गळ्याचं आतलं माप ठरवत होती. भिंत जाड असो की पातळ, आतून गोटी गेली की आतलं माप सगळ्यांचं एकच. त्यामुळे आजोबांनी दोन जातींच्या नळ्या एका डब्यात ठेवल्या तरी इतकी वर्षं गळ्याचं काही बिघडलं नाही. मी गोटी काढली आणि माप आतून घ्यायच्या ऐवजी बाहेरून घ्यायला लागलो, म्हणजे भिंतीच्या जाडीतला सगळा फरक पकडीत उतरायला लागला. मी ज्याला सुधारणा समजत होतो तिनंच रोग आणला होता. आणि मऊ करण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. माझ्या हाताला आलेल्या वरच्या तीन नळ्या दोन्ही वेळा जाड जातीच्याच निघाल्या, एवढंच.

सर, तुम्हाला आठवत नसेल. नववीत आपण वॉशर घासायचो. बारा वॉशरचा जॉब होता. मी चांगले जमलेले तीन ट्रेमध्ये वर ठेवले होते. तुम्ही ट्रे घेतला, वरच्या तिघांकडे बघितलंही नाही, हात तळाशी घातला आणि एक काढून गेज लावला. मग माझ्याकडे बघितलंत. मारलं नाहीत. मारलं असतं तर मी कदाचित विसरलो असतो.

त्या रात्री दहाला निघालो. ग्रेलिंगपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर, एकच सरळ हायवे. बे सिटी मागे पडलं आणि बर्फ सुरू झाला. वायपरच्या तालावर माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता : तिसांत अकरा, तर विसांत किती? सात? आठ? उत्तरेला जाणाऱ्या गाड्यांची रांग होती, सगळ्या शिकारीला निघालेल्या, आणि त्यांच्यात मी एकटा असा की ज्याच्याकडे बंदूक नव्हती. उन्हाळ्यात ऑ सेबल नदीवर मासे धरायला आजोबांबरोबर एकदा गेलो होतो म्हणून कच्चा रस्ता ओळखीचा होता, तरी बर्फात दोनदा चुकलो. पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते. चिमणीतून धूर येत होता. मी दार वाजवलं.

आजोबांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि "घरी सगळे ठीक?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "काडतुसं सैल आहेत." ते बाजूला झाले, मला आत घेतलं, कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं. मग वीसच्या वीस काडतुसं टेबलावर एका ओळीत लावून त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक दाबून पाहिलं. उजवा हात मांडीवर थरथरत होता. सहा हलली. ती सहा त्यांनी वेगळी ठेवली, उरलेली चौदाही परत डब्यात घातली आणि डबा माझ्याकडे सरकवला. नंतर कोटाच्या खिशातून दुकानातल्या काडतुसांचं एक नवं कोरं खोकं काढून टेबलावर ठेवलं.

मी म्हटलं, "म्हणजे माझी वापरणारच नव्हता?"

ते म्हणाले, "ठरवलं नव्हतं."

त्या वर्षी त्यांना हरीण मिळालं नाही. मला मात्र त्यांनी पुढच्या रविवारी बाकावर बसवलं आणि दोनशेच्या दोनशे नळ्या मोजायला लावल्या. वरच्या तीन नाही, सगळ्या. त्यात पातळ जातीच्या एकसष्ट निघाल्या. नळ्या तोलल्यावर वजनातही फरक दिसला. वजन वेगळं म्हणजे आतली जागा वेगळी, आणि जागा वेगळी तर तेवढ्याच दारूला दाब वेगळा. ही वर्गवारी आधी करायची, मग बाकी काम, हे मला वाचून माहीत होतं. 'दारूचं प्रमाण हलकं आहे, चालतंय' म्हणून मी ते सोडलं होतं.

मोजता मोजता बाकीचे रोगही सापडत गेले. तुमच्यापैकी कुणाला हे कधी करायचं नाही, तरी लेथवाल्यांना मजा येईल म्हणून भरभर सांगतो. दहा-बारा नळ्यांच्या खांद्याला वाटीसारखे खळगे होते. कारण वंगण जास्त झालं. डायच्या आत तेलाला पळायला जागा नसते आणि तेल दाबलं जात नाही, मग पितळच आत जातं. काहींच्या गळ्याच्या मुळाशी आतून एक कडं तयार झालं होतं, तिकडचे लोक त्याला डोनट म्हणतात. खांद्याचं जाड पितळ हळूहळू वर सरकून गळ्यात येतं, आणि गोळी तिथवर खाली बसवली की मधेच पकड वाढते. पकड मोजताना मन गोंधळून जातं : वर सैल, खाली घट्ट. यावर रीमर मारायचा किंवा गोळी त्या कड्याच्या वरच थांबवायची. काही नळ्या लांबीला वाढल्या होत्या. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच. त्याहून लांब झाली तर नळीचं तोंड रायफलच्या आतल्या पायरीवर जाऊन दाबलं जातं आणि गोळीला चिमटीत धरतं, मग दाब वाढतो. म्हणून कापून २.००५ ला आणायच्या आणि कापल्यावर तोंडाची बर आतून-बाहेरून काढायची, नाहीतर गोळी बसताना सोलली जाते.

तीन नळ्यांना गळ्यावर केसाएवढी चीर होती. त्या पक्कडीनं चेपून भंगारात टाकल्या, चुकून कुणी परत उचलू नये म्हणून चेपायच्याच.

पातळ जातीसाठी बुश कुठलं? ०.३०८ अधिक सव्वीस थाऊ, ०.३३४, त्यातून दोन वजा, ०.३३२. एवढं जास्त एका दमात आवळायचं झालं तर मधलं एक बुश घेऊन दोन टप्प्यांत आवळावं, नाहीतर गळा पुन्हा लंगडतो. मी तेही केलं. मग आजोबा म्हणाले, "आता ती जुनी गोटी ग्रॅफाइट लावून एकदा बघ." बघितली. लंगडणं तीन थाऊ. माझ्या नव्या डायपेक्षा एक थाऊ जास्त, आणि दोन जातींच्या नळ्यांत पकडीचा फरक नाही. ते काही बोलले नाहीत. डाय बनवणाऱ्या माणसाला बोलायची गरज नव्हती.

आता दोन डबे आहेत, एकावर निळी पट्टी, एकावर लाल. आजोबांचा हात अजून थरथरतो, पण ते दर ऑक्टोबरला हाक मारतात. मी भरतो. भरून झालं की ते खुर्ची ओढून बसतात, सगळी काडतुसं ओळीत लावतात आणि डाव्या अंगठ्यानं एकेक दाबून बघतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत. याला अर्धा तास लागतो. त्यांचं होईपर्यंत मी तिथंच उभा असतो. सर, तुम्ही ट्रे तपासत होता तेव्हा उभा राहायचो ना, तसाच.